पालटत्या डावाचा न्याय

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आमचे काही दिवस भोरास एका स्नेह्यांच्या घरी गेले. नीरा दुथडी भरून वाहत होती, रोहिड्याचा माथा दिवस दिवस ढगांतून बाहेर पडत नव्हता, आणि जागरणाच्या निमित्ताने घरात पत्त्यांस पूर्ण मुभा होती. आमचे स्नेही मेंढीकोटाचे जुने खेळाडू. त्यांचा पुण्यास शिकणारा नातू आमच्यात बसे तो बहुधा वडील माणसांचा मान राखावा म्हणून. त्याचे स्वतःचे पत्ते निराळे होते. एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक पान स्वच्छ पारदर्शक वेष्टनात घातलेले, अशी शेकडो पाने त्याने जमविली होती. त्यांवर राक्षस, पंखांचे सर्प, जळती नगरे अशी चित्रे आणि खाली बारीक अक्षरांत त्या त्या पानाचा पराक्रम लिहिलेला. खेळाचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही.

वेल्ह्याकडचा एक मुलगा भोरच्या शाळेत शिकण्यासाठी नातेवाइकांकडे राहतो. वयाने तो आमच्या स्नेह्यांच्या नातवाहून दोन वर्षांनी लहान. त्यास या खेळाचा नाद लागलेला. त्याने मोठ्या मुलाकडून साठ पानांचा एक तयार कॅट अठराशे रुपयांस घेतला. पैसे त्याने कसे साठविले असतील याची कल्पना ज्याने त्याने करावी. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता नातवाच्या तोंडून निघून गेले, की त्या कॅटातील बहुतेक पाने आणखी सहा आठवड्यांनी बाद व्हावयाची आहेत. पुण्यास होणाऱ्या स्पर्धांत ती यापुढे चालणार नाहीत.

“हे तू त्याला सांगितलेस काय?” आजोबांनी विचारले.

“त्याने विचारले नाही, आजोबा. आणि तारीख तर वर्षभर जाहीरच आहे. मी काही लपवले नाही.”

आमच्या स्नेह्यांनी हातातील पाने खाली ठेवली आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही लिहिणारी माणसे. सांगा, याने केले ते बरे की वाईट?” आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. पुढे जे लिहिले आहे ते त्या उत्तराच्या शोधात लिहिले आहे; आणि शोध घेता घेता तो प्रश्न मुलाच्या अठराशे रुपयांपुरता राहिला नाही, हेही आरंभीच कबूल करितो.

ज्या वाचकांचा या नव्या खेळांशी परिचय नाही त्यांस दोन शब्दांत त्यांचे रूप सांगितले पाहिजे. मेंढीकोट काय, पाच-तीन-दोन काय, बदाम सात काय, आपल्या घरगुती खेळांत पत्त्यांचा कॅट एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. पाने पिसून वाटली, की कोणास एक्के येतात, कोणास दुर्‍या-तिर्‍या. दैवाने जे दिले त्यावर बुद्धीने काय करावयाचे तेवढे खेळणाऱ्याच्या हाती. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला आणि त्याने ही व्यवस्था उलटी केली. येथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून बांधून आणतो. पाने हजारो प्रकारची. त्यांतून निदान साठ निवडावयाची. साध्या जमिनीची पाने वगळली तर एक पान चारांहून अधिक वेळा घ्यावयाचे नाही. पाने बंद पाकिटांतून विकत मिळतात, आणि कोणत्या पाकिटात काय निघेल हे सांगता येत नाही. म्हणून त्यांची अदलाबदल व खरेदी-विक्री चालते. ज्याने ही रचना काढली त्याने खेळाचा अर्धा भाग खेळास बसण्यापूर्वीच उरकून टाकला, असे म्हणावयास हरकत नाही.

या अर्ध्या भागास खेळाडू ‘मेटागेम’ म्हणतात. हा शब्द गणिती नायजेल हॉवर्ड यांच्या १९७१ च्या ग्रंथात राजकारणातील डावपेचांच्या चर्चेसाठी आला आहे. आम्ही त्यास डावाबाहेरचा डाव म्हणू. त्याचे मर्म असे, की कोणताही कॅट स्वभावतः उत्तम नसतो. जलद मारा करणारा कॅट संथपणे सामर्थ्य साठविणाऱ्यास गाठून मारतो. साठविणारा, केवळ बचाव करीत बसणाऱ्यावर कुरघोडी करितो. आणि बचाव करणारा जलद माऱ्यास थोपवून दमवितो. शेरास सव्वाशेर ही आपली म्हण येथे वर्तुळाकार होते. म्हणून येत्या रविवारी त्या दिवाणखान्यात इतर लोक काय घेऊन येणार, आणि आपण काय आणणार असे त्यांस वाटत असणार, याचा अदमास घेणे हाच या खेळाचा वरचा मजला होय. मावळच्या लोकांस हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. अफझलखानाची फौज वाईच्या मोकळ्या मुलखात जी होती ती जावळीच्या रानात राहिली नाही. १६५९ सालच्या त्या प्रसंगाचा निकाल पुष्कळ अंशी मैदानाच्या निवडीतच लागला होता. त्याच वेळी मावळचे देशमुख एकमेकांकडे पाहून कोण कोणीकडे जातो याचा अदमास घेत होते. खंडोजी खोपडे खानास मिळाले. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे यांनी मात्र महाराजांसमोर वतनावर पाणी सोडले, असे जेध्यांच्या करिन्यात सांगितले आहे. जो केवळ वारा पाहतो त्याचाही एक डाव असतो. पण पाणी सोडणाऱ्याने मांडलेला डाव निराळ्याच पटावरचा असतो. असो, हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता पाने बाद होण्याची गोष्ट. खेळ निघून दोन वर्षे झाली न झाली तोच एक अडचण उभी राहिली. आरंभीच्या पानांत काही विलक्षण बलवान होती आणि ती थोडी छापली गेली होती. ज्याने पहिल्या वर्षी पाकिटे घेतली तो राजा. मागून येणारा कायमचा रंक. १९९५ साली कंपनीने स्पर्धेचा एक नवा प्रकार काढला. त्यात अलीकडे निघालेल्या संचांतीलच पाने चालत. नवे संच येतील तसे जुने बाहेर जात. पुढे यासच ‘स्टँडर्ड’ हे नाव मिळाले. पान तेच, चित्र तेच, खाली लिहिलेला पराक्रम तोच. परंतु ठरलेल्या तारखेनंतर त्या दिवाणखान्यात त्यास प्रवेश नाही.

हे ऐकून आमच्या पिढीच्या मनात पहिला उद्गार येतो तो असा, की ही सरळ लूट आहे. पैसे देऊन घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्या शब्दाने निरुपयोगी व्हावी! परंतु थोडा विचार केला असता दुसरी बाजू दिसू लागते. समजा, एकही पान कधी बाद करावयाचे नाही असे ठरविले. मग नवे पान कोण घेईल? ते जुन्याहून बलवान असेल तरच. म्हणजे प्रत्येक संच मागल्यापेक्षा वरचढ काढावा लागेल, आणि जुनी पाने कोणी न हाकलताच मरून जातील. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आंबेमोहराचे असेच झाले. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी हा वाण बाहेर पडला. त्याच्या अंगात आंबेमोहराचेच रक्त, पण उतारा अधिक. शेतकऱ्याने हिशेब केला आणि वासाचा तांदूळ पाहुण्यापुरता एका तुकड्यात उरला. जपानात १९९९ साली कोनामी कंपनीने काढलेल्या ‘यु-गि-ओ’ या खेळाच्या मुख्य स्पर्धेत पाने तारखेने बाद होत नाहीत. तेथे निषिद्ध आणि मर्यादित पानांच्या याद्या काढून तोल सांभाळावा लागतो. मरण दोन्हीकडे आहेच. एकीकडे ते पंचांगात लिहिलेले आहे, दुसरीकडे ते अवचित येते. या दोहोंत पहिले अधिक क्रूर आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

पालटाची कल्पना आपल्या मुलखास परकी आहे असेही नव्हे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहा. एकशेवीस गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने. दिवसा खेळ मांडला तर उतारीचा मान रामाचा. दिवेलागणीनंतर मांडला तर कृष्णाचा. शिवाय निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शा थोर, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का थोर. म्हणजे जे पान एका घरात शेवटचे तेच दुसऱ्या घरात मानाचे. लाखेच्या रंगांनी पाने रंगविणाऱ्यांनी हा पालट सूर्याच्या हाती दिला आहे. त्यात कोणाचे काही जात नाही. रात्री रामाचा राजा हा राजाच राहतो, केवळ अग्रपूजा दुसऱ्याची होते. मान फिरता ठेवणे आणि अस्तित्व फिरते ठेवणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि नव्या खेळाच्या वकिलांनी या दोहोंची गल्लत करू नये.

वेल्ह्याच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनीचा पालट अधिक जवळचा आहे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा, आणि मग काही वर्षे जमीन पड. येथे खरोखरच एक पीक जाते आणि दुसरे येते, आणि शेवटी काहीच येत नाही. त्या ‘काहीच नाही’त सर्व रहस्य आहे. नाचणीने जो कस ओढून घेतला तो गवतझुडपांनी परत यावा म्हणून शेतकरी आपल्या पोटास चिमटा घेऊन वाट पाहतो. तोटा सोसणारा तोच, आणि पुढील नफा घेणाराही तोच. म्हणून या पालटास न्याय-अन्यायाचा प्रश्न विचारावा लागत नाही.

आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिलेला विचार येथेच सुचला. शेताचा पालट मातीचा कस भरून काढतो. मग पत्त्यांचा पालट काय भरून काढतो? पाने तर छापखान्यात हवी तितकी निघतात. आम्ही हे त्या मुलासच विचारले. तो जरा थांबला आणि म्हणाला, “आजोबा, नवीन पाने आली की पहिला महिनाच खरा मजेचा. कुणालाच काही माहीत नसते. मग सगळे एकच तीन-चार कॅट खेळायला लागतात.” आमच्या मते या वाक्यात त्याने कोणत्याही ग्रंथाहून अधिक सांगितले. या खेळात जो कस खर्च होतो तो अज्ञानाचा होय. जोपर्यंत उत्तर ठाऊक नाही तोपर्यंत विचारास जागा आहे. उत्तर सापडले, की उरते ते अनुकरण. पालट म्हणजे अज्ञानाची पड. जुनी उत्तरे निरुपयोगी केली, की दहा वर्षांचा मुरब्बी आणि कालचा पोर पुन्हा एका उंबरठ्यावर येतात आणि दोघांसही डोके खाजवावे लागते.

हे खरे असेल तर एक चिंताही त्याबरोबर येते. ‘मॅजिक’ची यंत्रावर खेळावयाची आवृत्ती ‘अरेना’ २०१९ साली पूर्ण रूपाने बाहेर आली. आता घरबसल्या खेळ चालतात आणि त्यांचे निकाल गोळा करणारी माणसेही आहेत. एके काळी ज्या अज्ञानावर सबंध हंगाम निघे ते आता काही आठवड्यांत चरून संपते. मावळच्या उतारांवर लोकवस्ती वाढली तशी पड ठेवण्याची वर्षे कमी होत गेली आणि जमीन उघडी पडली. त्याच जातीची ही गोष्ट आहे. उलट, २०२३ साली कंपनीने ‘स्टँडर्ड’मध्ये पान टिकण्याची मुदत दोन वर्षांवरून तीनवर नेली, कारण लोकांस आपली पाने जरा अधिक काळ हाती राहावी असे वाटत होते. एकीकडे कस लवकर संपतो आणि दुसरीकडे मालक पालट लांबवा म्हणतो. या दोन ओढींचा मेळ कसा बसावा हे आम्हांस दिसत नाही. आणि ज्यांस दिसते असे म्हणणारे भेटले त्यांचे पाने विकण्याचे दुकान होते.

परंतु हा झाला खेळाच्या आरोग्याचा विचार. न्यायाचा विचार याहून कठीण, आणि त्यासाठी राजगड-तोरण्याकडे दृष्टी वळवावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या राजनीतीत, गडावरील अधिकारी ठरावीक मुदतीने बदलावे असे सांगितले आहे : हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी. मुदती निरनिराळ्या ठेवण्यात किती शहाणपण आहे पाहा. सर्व एकदम गेले तर गडाची माहिती असणारा कोणीच उरणार नाही. पत्त्यांच्या संचांची बाहेर जाण्याची रचनाही अशीच पायरीपायरीने असते. पालट कशासाठी? एका जागी फार काळ राहिलेला मनुष्य त्या जागेस आपली समजू लागतो. हवालदारास मात्र गड सोडताना हवालदारी सोडावी लागत नव्हती. तो दुसऱ्या गडावर जाई.

आणि जेथे हा पालट थांबला तेथे काय झाले, याचे उत्तर खुद्द भोर. अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरेने चालू नयेत असा शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता, आणि तो पुढे सुटला याची हळहळ न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासात केली आहे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळाले ते त्यांच्या कर्तृत्वाने. पुढे ते पद घराण्यात राहिले, सचिवाचे काम गेले, नाव राहिले, आणि त्या नावाचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चालले. त्या घराण्याचे कार्य आम्ही येथे तोलीत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे, की कर्तृत्वाने मिळविलेले पान कधीच बाद झाले नाही तर काही पिढ्यांनी ते पान राहत नाही, वतन होते; आणि वतनदाराच्या समोर बसणाऱ्या नव्या खेळाडूस कोणी विचारीत नाही, की तुझ्या हाती काय आले.

हाच वाद अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाल्यावस्थेत दोन मित्रांत झाला होता. १७८९ च्या सप्टेंबरात जेफर्सनने मॅडिसनला लिहिले, की पृथ्वी जिवंत माणसांची आहे. एका पिढीस दुसरीस बांधण्याचा अधिकार नाही. म्हणून प्रत्येक कायदा, प्रत्येक कर्ज सुमारे १९ वर्षांनी आपोआप संपावे. मॅडिसनने पुढल्या वर्षी मोठ्या सौजन्याने त्यातील दोष दाखविले. मेलेल्यांनी केलेल्या सुधारणांचा लाभ जिवंत घेतात, तर त्यांचा भार का घेऊ नये? आणि जे अमुक दिवशी संपणार हे ठाऊक आहे त्याची किंमत तो दिवस जवळ येईल तशी घसरत जाणार. सावध मनुष्य वेळीच हात झटकील आणि भोळा मनुष्य बुडेल. हे दुसरे वाक्य वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वेल्ह्याचा मुलगा उभा राहिला.

तेव्हा पालट हा स्वतः अन्याय नाही, असे आम्ही धरून चालतो. प्रश्न उरतो तो पालट करणाऱ्याचा. गडकऱ्याची बदली करून राजाच्या पेटीत रुपया पडत नव्हता. वरकसवाला स्वतःच उपाशी राहत होता. येथे मात्र कायदा करणारा आणि माल विकणारा एकच आहे. पाने बाद झाली की नवी त्याच्याकडूनच घ्यावयाची. लाभ होतो म्हणून कृत्य वाईट असे नाही. वैद्यालाही दुखण्यावर पैसे मिळतात. परंतु ज्याच्या निर्णयाने त्याचाच लाभ होतो, त्याने आपल्या निर्णयाची किंमत कधीतरी स्वतः मोजून दाखवावी, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

यासंबंधी दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. १९९५ साली कंपनीने काही जुनी दुर्मीळ पाने पुन्हा छापली. नव्या मुलांस आनंद झाला. पण ज्यांनी ती भारी दराने घेतली होती त्यांच्या पानांचे दर पडले आणि ओरड झाली. १९९६ साली कंपनीने वचन दिले, की यादीतील ठरावीक पाने पुन्हा कधीही छापणार नाही. ते वचन आजवर बहुतांशी पाळले गेले आहे. त्याचा परिणाम असा, की २०२१ साली ‘ब्लॅक लोटस’ नावाच्या एका पानास लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. वचन पाळणे हे सद्गुणाचे लक्षण खरे. पण ज्यांस वचन दिले ते थोडे आणि ज्यांच्यावर त्याचा भार पडला ते पुष्कळ. त्यांतील बहुतेक तेव्हा जन्मलेही नव्हते. येथे कंपनीने किंमत मोजली असे म्हणता येईल, परंतु ती नव्या पिढीच्या खिशातून.

दुसरा प्रसंग लहान आहे आणि आम्हांस फार आवडला. २०११ च्या जूनमध्ये दोन पाने इतकी प्रबळ ठरली, की मुदत संपण्यापूर्वीच ती स्पर्धेतून काढावी लागली. अडचण अशी, की त्यांपैकी एक पान कंपनीने नुकत्याच विकावयास काढलेल्या एका तयार कॅटात घातलेले होते. काल दुकानातून घेतलेला कॅट आज अवैध! मग नियम असा केला, की ज्याने तो कॅट घेतला आहे त्याने एकही पान न बदलता तो जसाच्या तसा आणला तर ते निषिद्ध पान चालेल. एक पान बदलले तर चालणार नाही. या नियमात हास्यास्पद काही नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने आमच्या शब्दावर विसंबून वस्तू घेतली त्याचा विश्वास नियमापेक्षा थोडा मोठा आहे, एवढे त्यात मान्य केले होते.

बाद झालेले पान अगदीच मरत नाही, असे आमच्या स्नेह्यांच्या नातवाने आम्हांस आवर्जून सांगितले. जुन्या पानांच्या निराळ्या स्पर्धा असतात; ‘मॅजिक’मध्ये २०११ पासून ‘मॉडर्न’ नावाचा प्रकार आहे, त्यात मोठ्या काळातील पाने चालतात. म्हणजे हवालदार दुसऱ्या गडावर जातो. हे खरे, पण तो दुसरा गड कोठे आहे? पुण्या-मुंबईत असेल. भोरात नाही, आणि तोरण्याच्या पायथ्याशी तर नाहीच. शिवाय त्या गडावर जी जुनी पाने आधीच बसली आहेत त्यांच्यापुढे या कालच्या हवालदारास कोण विचारतो? हक्क कागदावर आहे आणि तो बजावण्यास जागा नाही, ही स्थिती आपल्या तालुक्यांत नवीन नाही. धरणाखाली गेलेल्या गावांशी पत्त्यांच्या दुःखाची तुलना करणे हा अविवेक होईल, म्हणून ती आम्ही करीत नाही.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे. नातवाचे म्हणणे दोन कलमी होते : त्याने विचारले नाही, आणि तारीख जाहीर होती. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जवळजवळ हाच खटला मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. आपल्या मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्यास ठाऊक आहे, लोकांस नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजेनीस म्हणतो, कायद्याने जे दोष सांगावयास लावले आहेत ते सांगितले म्हणजे पुरे. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्यास जे कळले असता उपयोग होईल ते तुला ठाऊक असताना तू स्वतःच्या फायद्यासाठी त्यापासून दूर ठेवतोस, हेच लपविणे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूस जातो, आणि आम्हीही.

कारण जाहीर आणि माहीत यांत अंतर आहे. पूर्वी गावात काही नवे ठरले, की दवंडी पिटीत. महार किंवा रामोशी डफ वाजवीत प्रत्येक आळीत उभा राही. ज्यास वाचता येत नाही त्याच्याही कानी शब्द पडे. सांगण्याचे ओझे सांगणाऱ्यावर होते. आता ठराव परभाषेत, परदेशी पडद्यावर लागतो, आणि तो पाहण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर येते. पुण्याच्या मुलास ती तारीख हवेसारखी ठाऊक आहे, म्हणून ती सर्वांस ठाऊक आहे असे त्यास प्रामाणिकपणे वाटले असेल. आम्ही त्यास लबाड म्हणत नाही. परंतु ज्या रात्री त्याने कॅट विकावयास काढला त्या रात्री त्याच्या मनात तारीख आली नव्हती काय? आली होती, त्यामुळेच तर तो विकीत होता. ज्या माहितीने विकण्याची बुद्धी दिली तीच माहिती घेणाऱ्यापासून दूर राहिली. डावाबाहेरच्या डावात समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेणे हा खेळ आहे, कारण तेथे समोरचाही तेच करावयास बसलेला असतो. बाजारात समोरचा खेळावयास बसलेला नसतो. तेथे तो विश्वास ठेवून उभा असतो, आणि तेथे वारा पाहून पाठ फिरविणे यास चातुर्य म्हणता येत नाही.

आम्ही हे सर्व दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बरेच लांबण लावून सांगितले. सिसेरोचे नाव निघाल्यावर आमच्या स्नेह्यांनी सुपारी कातरावयास घेतली. नातू मात्र शेवटपर्यंत ऐकत होता. मग एक शब्द न बोलता छत्री घेऊन बाहेर पडला. तासाभराने परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे चिन्ह नव्हते, उलट गोंधळच अधिक होता.

“सांगितलेस?” आजोबांनी विचारले.

“सांगितले. पैसे परत देतो म्हटले. तो नको म्हणतो.”

“का रे?”

“म्हणतो, पुण्याला स्पर्धेला कोण जातंय, दादा? आम्ही चौघे आमच्यातच खेळणार. आमच्यात कशाला बाद होतील?”

आमचे स्नेही हसले, पण नातू हसला नाही. अठराशे रुपये ही किंमत त्याने स्पर्धेतील दरावरून सांगितली होती. ज्याने स्पर्धा कधी पाहिली नाही आणि पाहणारही नाही त्याच्याकडून तो दर घ्यावा काय, हे त्यास आता सतावू लागले होते. निम्मे परत करावे, असे तो म्हणू लागला. आजोबा म्हणाले, निम्मे कोणत्या हिशेबाने? पाने चौघांत वर्षानुवर्षे चालली तर मुलाने दिले ते थोडेच. आम्ही भोर सोडले तेव्हा दोघे ओसरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते, आणि आकडा ठरला नव्हता.